दुसरा तांब्या

फटाक्यांचा पहिला आवाज आला तसा दुर्गाबाईनं गॅस पेटवून कुकर चढवला.

तांदूळ सकाळीच धुऊन निथळत ठेवले होते, डाळ भिजवलेली होती. न्हाणीतल्या बंबात तिनं आणखी दोन काटक्या सारल्या आणि पाण्याला हात लावून पाहिला. नगरपरिषदेचा निकाल असला की तिचा हा क्रम ठरलेला होता. तहसील कचेरीत मतमोजणी व्हायची, खुशालरावांचा पक्ष निवडून यायचा, चौकात माळा लागायच्या, आणि त्या संपायच्या आत तिचा नवरा देवमन मागच्या गल्लीनं घरी यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, खुंटीवरचा टॉवेल ओढायचा आणि विचारायचा, "पानी तापलं काय?" पाणी तापलेलंच असायचं. तो न्हाऊन आला की दोघं समोरासमोर बसायची. त्यानं पहिला घास घेतला की दुर्गाबाईचा निकालाच्या दिवसाचा उपास सुटायचा. निवडणुकीत पडल्याच्या दिवशी तो फार बोलत नसे, पण भात दोनदा मागून घेई. त्यांची लेक आरती लहान होती तेव्हा तिनं एकदा शेजारणीला सांगितलं होतं की आमचे बाबा पडले म्हणजे घरी जेवतात.

एरवी तो घरी कुठे असायचा! बसस्टँडच्या ओळीत त्याचं मोटारी बांधायचं दुकान. जळालेल्या पंपांची तार उकलायची, नवी गुंडाळायची. हात तारेत असायचे आणि कान रस्त्याकडे. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाची म्हातारी अमरावतीच्या दवाखान्यात न्यायची आहे, कुणाचं राशन अडलं आहे. हातातलं काम टाकून तो उठायचा. नगरपरिषद आधी खुशालरावांच्या वडिलांकडे होती, मग खुशालरावांकडे आली. गावाला दुसरं काही आठवत नव्हतं. त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी तयार नसे, म्हणून दरवेळी देवमन उभा राहायचा. पडायचा, आणि चार-आठ दिवस घरात दिसायचा. अंगणातली तुटकी दोरी बांधायचा, संध्याकाळी ओट्यावर बसून दुर्गाबाईच्या पोथीतलं एखादं पान ऐकायचा. मग पुन्हा कुणीतरी हाक मारायला येई.

भिंतीतल्या देवळीत तिचा तांब्याचा तांब्या होता, सोमवारी महादेवाला पाणी न्यायचा. आज त्याच्या शेजारी दुसरा होता. सासूबाईंच्या वेळचा, माळ्यावर काळा पडून राहिलेला. पहाटे तिनं चिंच लावून तो घासला होता. घासताना मन चोरटं झालं होतं, तरी हात थांबले नव्हते.

कारण देवमननं तिला शब्द दिला होता. अर्ज भरून आला त्या संध्याकाळी, पाय पसरून बसलेला असताना.

"हे शेवटचं बरं काय, आरतीची माय. आता गुडघे ऐकत नाईत. या खेपेले पडलो का दुकानाचा बोर्ड उतरवतो अन् सोमवारी तुह्यासंगं देवळात येतो. दर सोमवारी."

"तुमी? देवळात?"

"काहून? महादेव मले हाकलून देईन काय?"

ती हसली होती. नदीकाठच्या त्या देवळात ती लग्न झालं तेव्हापासून एकटी जात आली होती. वाटेत पायऱ्या होत्या, बाभळी होत्या, दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं जाणारी माणसं होती. त्यानंतरच्या सोमवारी ती नंदीपाशी वाकली. नंदीच्या कानात सांगितलेलं महादेवाला पोचतं, म्हणून एका हाताचा आडोसा करून तिथे प्रत्येकजण आपलं मागणं कुजबुजतो. प्रत्येक निवडणुकीला तिनं तिथे एकच सांगितलं होतं, यांना यश दे. या वेळी ते शब्द ओठांपर्यंत आले आणि फिरले. मागे शेजारची गंगूबाई आपल्या पाळीसाठी उभी होती. दुर्गाबाईनं घाईघाईनं म्हटलं, "सोमवारी हे माह्यासंगं येऊ दे. तुले रोडगे करीन." आणि सरळ झाली. सरळ झाल्यावर तिला कळलं, आपण काय मागून बसलो ते.

कुकरची पहिली शिटी झाली.

फटाके थांबले नव्हते. दुर्गाबाई ताटं पुसत होती, ती पुसता पुसता थांबली. आवाज चौकातून यायचा. आज तो सरकत होता. बसस्टँडशी आला, पिठाच्या गिरणीशी आला. या गल्लीत फटाके फक्त दिवाळीला वाजत.

"दुर्गाबाई! अवं दुर्गाबाई!" गंगूबाई पदर सावरत, अनवाणीच दारात आली. "निवडून आले नं वं तुमचे! खुशालराव पडला!"

दुर्गाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

"अवं, अशी पाहून काय राहिली? नगराध्यक्षाची बायको झाली तू! ओवाळाचं ताट कर!"

दुर्गाबाईची नजर आधी देवळीकडे गेली. पुढे होऊन तिनं दुसरा तांब्या पहिल्याच्या मागे सरकवला. मग ताट घेतलं. कुंकू सापडलं, अक्षतांना तांदूळ सापडेनात. सगळे कुकरात गेले होते. गंगूबाईनंच आपल्या घरून मूठभर आणले.

गल्ली भरली. गच्च्यांवर बाया चढल्या. ताशा इतका जवळ वाजत होता की निरांजनाची ज्योत थरथरत होती. माणसांच्या खांद्यांवरून एक गुलाबी आकृती दाराशी उतरली, आणि हा आपला नवरा हे तिनं चपलांवरून ओळखलं. केस, भुवया, मिशा, सगळं गुलालात बुडालेलं. त्या गुलाबीतून दोन डोळे भांबावून तिच्याकडे पाहत होते.

तिनं कुंकू लावलं. कपाळ कुठलं आणि गुलाल कुठला ते कळत नव्हतं.

तो खाली वाकला आणि सवयीनं म्हणाला, "पानी तापलं काय?"

मागचे हसले.

"भाऊ, आता कायचं पानी! आंघोळ उद्या!" हा नागसेनचा आवाज. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारा हा मुलगा गेले दोन महिने देवमनसोबत वस्तीवस्तीत फिरला होता. भीमनगरानं एकजुटीनं मतं टाकली ती त्याच्यामुळे, असं सगळे म्हणत. "वहिनी, दोन मिंटात आणून सोडतो तुमचा नवरा. अजून आख्खं गाव बाकी हाय!"

"येतो मी," देवमन म्हणाला. पुढचं काही तिला ऐकू आलं नाही. त्याला उचललं होतं.

कुकरच्या शिट्या किती झाल्या ते तिनं मोजलंच नव्हतं. आत जाऊन तिनं गॅस बंद केला. भात तळाशी धरला होता.

अकोल्याहून आरतीचा फोन आला. ती रडत होती, हसत होती, पाठीमागे तिच्या सासरची माणसं ओरडत होती.

"आई, बाबाईले दे नं!"

"नाईत घरी."

"बरोबर हाय, आता कायले राह्यतीन घरी!" आरती म्हणाली. "तू जेवली काय?"

"जेवतो नं. ते आले का."

तो दिवेलागणीला आला. एकटा नाही. ओटा भरला, बाहेर मोटारसायकली भरल्या. घसा बसला होता त्याचा. ज्यांनी कधी रामराम घेतला नव्हता अशा माणसांनी घरात येऊन तिच्या पाया पडून घेतलं. पाणी देता देता तिनं गर्दीतून वाट काढली आणि त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "वाढू काय?"

"नाई वं. नागसेनच्या मायनं बसवलं जबरदस्तीनं. मंग तेल्याच्या वाड्यात पोहे, अन् पेढे तं विचारूच नको. पोट फुटाले आलं." मग त्यानं जरासं थांबून विचारलं, "तू जेवली नं?"

पाच-सहा जणं ऐकत होती. तिनं मान हलवली. ती मान हो म्हणते की नाही म्हणते, हे पाहायला त्याला वेळ मिळाला नाही.

"वहिनी," नागसेन म्हणाला, "गंगूकाकू म्हणतात तुमी महादेवाले रोडगे बोल्ल्या होत्या. खरं काय?"

सगळे तिच्याकडे वळले. गंगूबाई चौकटीत उभी होती, अभिमानानं. "म्या सोता आयकलं. नंदीच्या कानात बोलली. रोडगे करीन म्हने."

"मंग झालं तं! मी देवळात हात जोडत नाई, हे वहिनीले मालूम हाय. पण रोडग्यापुढं जोडतो." हशा झाला. "या सोमवारीच करू. पाचशे लोकाईचे. वहिनीनं बोललेला नवस आता साऱ्या गावाचा."

दुर्गाबाईनं रिकामे पेले ट्रेमध्ये गोळा केले. नवस हा नव्हता, हे सांगायचं तर मग कोणता होता तेही सांगावं लागलं असतं. तिनं ट्रे आत नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भात गाईला घातला. त्यानं घास घेतला नव्हता म्हणून तिचा उपास सुटला नव्हता. शनिवारी, रविवारीही तो बाहेरच जेवला आणि ती भगरीवर राहिली. घरात सतत माणसं होती आणि कुणाच्या लक्षात येण्यासारखं ते नव्हतं. उपास तर ती नेहमीच करायची.

सोमवारी सकाळी ती एकच तांब्या घेऊन एकटी देवळात जाऊन आली. देवमन तेव्हा ओट्यावर बसला होता आणि नगरपरिषदेतले साहेब त्याला कसलेसे नकाशे दाखवत होते.

दुपारपासून देवळामागच्या मैदानात गोवऱ्यांचे हारे रचले गेले. डोक्याला दुपट्टे बांधलेले बाप्ये कणकेचे गोळे थापत, विस्तवात लावत, उलटवत होते. नदीच्या वाऱ्यानं धूर कधी इकडे, कधी तिकडे वळत होता. मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. सोमवार सोडायला साऱ्या गावाची जेवणं इथेच व्हायची होती. बायांनी दुर्गाबाईला काहीही करू दिलं नाही. "तुमी बसा, आज तुमचा मान," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसवलं. खुर्चीत तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली. घरून पदराखाली आणलेली थोडीशी कणीक तिनं परातीच्या कोपऱ्यात मळली. दोन गोळे केले. देवळाच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली, चार गोवऱ्या पेटवून ते दोन रोडगे विस्तवात ठेवले आणि काडी घेऊन तिथेच बसली.

उन्हं उतरली तशी देवमनला घेऊन गाडी आली. घोषणा झाल्या. नारळ फोडायचा होता, पण पुजारी म्हणाला नैवेद्य जोडीनं दाखवावा लागतो, बाई कुठे आहेत? कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी देवमनच शोधत निघाला, गळ्यात झेंडूचा हार तसाच घेऊन, देवळाला वळसा घालून.

"अवं, इथं काय करून राहिली? लोक थांबले तिकडं."

तिनं काडीनं एक रोडगा उलटवला.

"हे दोन वेगळे काहून?"

"हे नवसाचे."

"अन् ते पाचशे?"

"ते तुमच्या जिंकल्याचे."

तो हसला. मग हसणं अर्ध्यात राहिलं. गुडघ्यावर हात देत तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तीन दिवसांच्या आंघोळीनंतरही त्याच्या कानामागच्या घडीत गुलाल राहिला होता.

"म्हंजे नवस दुसराच होता."

तिनं दुसरा रोडगाही उलटवला.

"काय मांगतलं तू?"

"सोमवारी तुमी माह्यासंगं देवळात यावं."

"मंग आलोच नं मी..." तो म्हणाला, आणि थांबला. हाराकडे गेलेला त्याचा हात तिथेच राहिला. देवळापलीकडे कुणीतरी ताशावर काडी आपटून पाहत होतं.

"पडलो तं येतो," तो हळूच म्हणाला. "असं म्हनलो होतो मी."

"हो."

विस्तवातली एक गोवरी मधोमध चिरली आणि आतली लाल धग दिसली. देवमन तिच्याकडे पाहत होता. प्रचारात पायी फिरताना ज्या घरांनी दार लावून घेतलं, त्या घरांसमोरही त्याचा चेहरा असा झाला नसेल.

"म्हंजे तू..."

दुर्गाबाईनं एक रोडगा विस्तवातून काढला, फडक्यात घेऊन राख झाडली आणि मोडून त्याच्यापुढे धरला. आतून वाफ आली.

"गरम हाय. फुंकून घ्या."

"भाऊ! ओ भाऊ! नारळ!" नागसेन देवळाच्या कोपऱ्यावर आला.

"थांबा म्हना," देवमन म्हणाला.

"पन पंगती..."

"थांब नं बापा जरासा."

नागसेननं दोघांकडे पाहिलं, विस्तवाकडे पाहिलं, आणि मागच्या पावली परत गेला.

देवमननं तुकडा तोंडात घातला. तो गिळेपर्यंत तिनं त्याच्या गळ्याकडे पाहिलं. मग आपला तुकडा मोडला. तूप नव्हतं, भाजी नव्हती, कोरडा घास तोंडात फिरत होता. शुक्रवारपासूनचा तिचा उपास तिथे सुटला. पलीकडे पाचशे माणसं ताटं घेऊन बसली होती आणि तो दोन्ही रोडगे संपेपर्यंत उठला नाही.

"शुक्रवारचा भात काय केला?" हात झटकत त्यानं विचारलं.

"गाईले घातला."

त्यानं मान डोलावली. उठताना त्याला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"पुढच्या सोमवारी येतो मी. सकाळी. तुह्यासंगंच, कोनी नसतीन तवा."

"हो," ती म्हणाली.

तिला तो आवाज ओळखीचा होता. तुमच्या नळाचं करून देतो, तुमच्या म्हातारीले मी नेतो, असं तो लोकांना म्हणायचा तेव्हा असाच म्हणायचा, आणि तो मनापासून म्हणायचा. म्हणून तर लोकांनी त्याला निवडून दिलं होतं.

पुढच्या सोमवारी तो खरंच तिच्या आधी उठला. आंघोळ झाली, धुतलेलं धोतर नेसला. धोतर त्यानं आरतीच्या लग्नानंतर नेसलं नव्हतं. दुर्गाबाईनं देवळीतून दोन्ही तांबे काढले आणि रांजणातून भरले. दोघं उंबऱ्याशी आली तेव्हा समोर नागसेनची मोटारसायकल थांबली.

"भाऊ, टाकीची मोठी लाइन फुटली. आख्ख्या भीमनगरात पानी नाई. बाया हंडे घेऊन नगरपरिषदेवर येऊन राहिल्या."

देवमन उभा राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातांतल्या दोन तांब्यांकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली.

"तू हो पुढं. मी मागून येतोच."

"जा तुमी. पानी नाई त्याईले."

धोतराचा सोगा वर खोचून तो गाडीवर बसला. गल्लीच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली. दुर्गाबाईनं दार ओढून घेतलं आणि निघाली.

बाभळीपाशी गंगूबाई भेटली.

"दोन तांबे काहून वं आज?"

"एक त्याईचा."

"जड होत असतीन. आन, मी घेतो एक."

"नाई, राहू दे," दुर्गाबाई म्हणाली. "नाई होत जड."

दोघी पायऱ्या चढल्या. गंगूबाई नंदीपाशी थांबली, वाकली, कानाशी हात नेला, कितीतरी वेळ काहीबाही सांगत राहिली. सरळ होऊन ती बाजूला झाली.

"ये, तुही पाळी."

दुर्गाबाई नंदीसमोर आली. पाणी काठोकाठ होतं, दोन्ही हात गुंतलेले होते. आडोसा धरायला एकही मोकळा नव्हता. तिनं नुसती मान लववली आणि पाणी सांडू न देता गाभाऱ्यात गेली.